साथीतील मृत्युदर आणि परिसराची स्वच्छता : सिलतरा आणि जुना मध्यप्रांत यांच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

साथीच्या रोगात कोठे किती माणसे मृत्यू पावतात, हा प्रश्न सकृद्दर्शनी वैद्यकाचा आणि लोकसंख्याशास्त्राचा आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हा प्रश्न ज्या रीतीने सोडवला जातो ती रीत तुलनेचीच आहे. दोन देश, दोन प्रांत किंवा दोन वस्त्या शेजारी ठेवायच्या, त्यांतील भेद टिपायचा आणि त्या भेदाचे कारण शोधायचे, असा हा व्यवहार आहे. तुलनेसाठी कोणते एकक घेतले, ज्या नोंदींवर तुलना उभी केली त्या कोणी व कोणत्या हेतूने लिहिल्या, आणि ज्यांची नोंदच झाली नाही त्यांचे काय, हे प्रश्न साहित्याच्या तुलनेइतकेच मृत्युदराच्या तुलनेतही कळीचे ठरतात. प्रस्तुत लेखात या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले ते २०२० सालचे एक कोडे. कोविड-१९ ची पहिली लाट ओसरत असताना असे दिसत होते की, जेथे नळाचे पाणी शुद्ध, मैलावाहिन्या बंदिस्त आणि रुग्णालये सुसज्ज आहेत, त्या इटली, स्पेन, अमेरिका यांसारख्या देशांत दर दहा लाख लोकांमागे नोंदलेले मृत्यू अधिक आहेत. आणि जेथे ही साधने तोकडी आहेत, त्या भारतासारख्या देशांत ते पुष्कळ कमी आहेत. बिथिका चटर्जी, राजीव करंदीकर आणि शेखर मांडे या संशोधकांनी शंभराहून अधिक देशांची उपलब्ध आकडेवारी घेऊन या कोड्याचा अभ्यास केला. त्यांचा निबंध २०२१ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. देशाचे उत्पन्न, वृद्धांचे प्रमाण आणि स्वच्छतेची पातळी जितकी वरची, तितका नोंदलेला मृत्युदरही वरचा, असा सहसंबंध त्यांना आढळला. त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण म्हणून 'स्वच्छता-गृहीतक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचाराकडे त्यांनी लक्ष वेधले. ब्रिटिश संशोधक डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये, मोठ्या कुटुंबांतील धाकट्या मुलांना परागज्वर कमी होतो या निरीक्षणावरून हा विचार प्रथम मांडला होता. बालपणी जंतूंशी पुरेसा परिचय झाला नाही, तर शरीराची प्रतिकारव्यवस्था पुढे बेताल वागते, असा त्याचा मथितार्थ आहे.

या संशोधकांनी अस्वच्छतेची शिफारस केली नव्हती, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. मात्र त्यांच्या निष्कर्षाचा सारांश वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत पोचता पोचता 'आपल्याला घाणीची सवय आहे, म्हणून आपण वाचलो' या एका वाक्यात आक्रसला. आकडेवारीतला सावध सहसंबंध अशा रीतीने लोकप्रिय कथन झाला. त्या कथनाची परीक्षा देशांच्या सरासरीवर न करता एका लहान ठिकाणावर केली तर काय हाती लागते, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी छत्तीसगडमधील सिलतरा हे ठिकाण निवडले आहे.

२. एक गाव आणि एक कोष्टक

सिलतरा हे रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे, धरसींवा विकासखंडातील गाव. आज त्याची ओळख गाव म्हणून कमी आणि औद्योगिक क्षेत्र म्हणून अधिक आहे. जवळच्या उरला क्षेत्रासह येथे स्पंज आयर्नचे, म्हणजे कोळशाच्या साहाय्याने खनिजातून सच्छिद्र लोखंड तयार करण्याचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. फिरत्या भट्टीत लोहखनिज आणि दगडी कोळसा सुमारे हजार अंश तापमानात एकत्र भाजला जातो. त्यातून निघणारी धूळ विद्युत-स्थितिक यंत्रणेने अडवायची असते. पण ती यंत्रणा वीज खाते, आणि खर्च वाचविण्यासाठी ती रात्री बंद ठेवली जाते, ही अशा औद्योगिक पट्ट्यांतील रहिवाशांची जुनी तक्रार आहे. भातखाचरे, तळी आणि घरांची छपरे यांवर बसणारा काळा थर हा या परिसराच्या दैनंदिन अनुभवाचा भाग झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शहरांच्या यादीत, हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांच्या प्रमाणानुसार रायपूर जगात सातवे होते.

मराठीच्या अभ्यासकाला सिलतरा परके वाटण्याचे कारण नाही. छत्तीसगड हा प्रदेश अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. पुढे १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्यप्रांत निर्माण केला तेव्हा त्याची राजधानी नागपूर ठरली, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडले गेले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर आणि वर्धा, बिलासपूर आणि भंडारा हे जिल्हे एकाच प्रशासनाखाली नांदले. रायपूर जिल्ह्यातील मृत्यूंचे आकडे नागपूरला जमा होत आणि मराठी जिल्ह्यांच्या आकड्यांबरोबर एकाच कोष्टकात छापले जात. भाषेने वेगळी असलेली गावे मृत्यूच्या हिशेबात शेजारी आली, ती अशी.

हे कोष्टक मुळात भरत असे तो गावचा कोटवार. जन्ममृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यात देणे हे त्याचे काम होते, आणि बहुतेक ठिकाणी ते गावकुसाबाहेरच्या समाजातील माणसाकडे असे. वैद्यकाचे शिक्षण त्याला नव्हते आणि तशी अपेक्षाही नव्हती. त्याने सांगितलेले कारण बहुधा 'ताप' या एका रकान्यात जाई. हिवतापाने मेलेला, विषमज्वराने मेलेला आणि फुप्फुसदाहाने मेलेला, असे सर्व तेथे एकत्र येत. मृत्युदराची चर्चा ज्या पायावर उभी असते तो पाया हा असा आहे. हे ध्यानात ठेवून पुढील उदाहरणांकडे वळू.

३. रोगाची वाट

'स्वच्छता' हा शब्द आपण एकवचनी वापरतो, आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते. प्रत्येक रोगाची शरीरात शिरण्याची वाट निराळी असते. परिसराची जी स्थिती त्या वाटेवर येते, तीच त्या रोगाच्या बाबतीत महत्त्वाची ठरते. पटकीचा जंतू पाण्यातून येतो, म्हणून तेथे विहीर आणि नदीघाट महत्त्वाचे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडून जॉन स्नो यांनी हे दाखवून दिले. त्यांनीही तुलनाच केली होती, पण देशांची नव्हे, गल्ल्यांची.

प्लेगचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रुग्ण ओळखले, तेव्हा अधिकाऱ्यांच्या मनावर दुर्गंध आणि दूषित हवा यांच्या सिद्धान्ताचा पगडा होता. घाण हेच कारण, असे मानून गटारे कार्बोलिक आम्लाने आणि समुद्राच्या पाण्याने धुतली गेली, घरांची छपरे उघडली गेली, सामान जाळले गेले. १८९७ च्या साथरोग कायद्याने या कारवाईला बळ दिले. पुण्यात तिचा कसा जाच झाला आणि त्याची परिणती काय झाली, हे सर्वविदित आहे. इतके करूनही साथ हटली नाही. १८९८ मध्ये कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसवा हे रोगाचे वाहन आहे असे सुचविले. १९०५ नंतरच्या प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनी ते सिद्ध झाले. गटार स्वच्छ असूनही धान्याच्या कोठारात उंदीर असतील, तर प्लेग येणारच होता. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग होता, याचा अर्थ तेव्हा कोठे नीट उलगडला.

याउलट गावोगावच्या लोकांनी प्लेगवर एक उपाय सिमाँच्या आधीपासून अवलंबला होता. घरात उंदीर मरून पडू लागले की वस्ती सोडायची आणि माळावर किंवा रानात झोपड्या घालून राहायचे. पिसवांचे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते. उंदीर आणि माणूस यांच्या मृत्यूंचा क्रम मात्र त्यांनी पाहिला होता. अधिकाऱ्यांचा सिद्धान्त स्वच्छतेच्या एका सर्वसाधारण कल्पनेवर उभा होता, तर लोकांचा व्यवहार एका विशिष्ट वाटेच्या निरीक्षणावर. कोणत्या बाबतीत कोणती अस्वच्छता, हे विचारल्याशिवाय स्वच्छता आणि मृत्युदर यांचा संबंध जोडता येत नाही.

रोगांची मराठी नावेही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. 'पटकी' हे नाव झटक्यात लोळवणारा वेग सांगते, 'गाठीचा ताप' हे शरीरावरील खूण सांगते, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाला मराठी मुलखाने दिलेले 'मानमोडी' हे नाव वेदनेची जागा सांगते. यांपैकी एकही नाव घाणीचा उल्लेख करीत नाही. घाण हे कारण म्हणून पुढे आले ते सरकारी अहवालांतून. त्या अहवालांवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दाच मुळी 'सॅनिटरी कमिशनर' असा होता.

४. मानमोडीचे वर्ष

१९१८ च्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर नेमलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट प्राणघातक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेच्या मार्गाने ती देशभर पसरली. मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हे सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी होते. दोन्हीकडे इन्फ्लुएंझाचे मृत्यू हजारी पन्नासच्या वर गेल्याचे आरोग्य खात्याच्या अहवालांवरून दिसते. बंगाल आणि मद्रास येथील दर त्या मानाने बराच कमी होता. १९११ ते १९२१ हे भारतीय जनगणनेच्या इतिहासातील असे एकच दशक आहे की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

बंगालची खेडी मध्यप्रांतापेक्षा स्वच्छ होती म्हणून तेथे माणसे कमी मेली, असे कोणी म्हणणार नाही. तसेच ती अधिक अस्वच्छ होती म्हणून वाचली, असेही म्हणता येत नाही. फरक शोधावा लागतो तो अन्यत्र. त्या वर्षी पश्चिम आणि मध्य भारतात पावसाने दगा दिला होता, पीक बुडाले होते, महायुद्धामुळे धान्याचे भाव चढले होते. उपाशी शरीरे आणि प्राणघातक लाट यांची गाठ नेमकी त्या शरद ऋतूत पडली. पूर्वेकडे लाट उशिरा पोचली, तेव्हा तिचा जोर ओसरत चालला होता. आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये केलेल्या अभ्यासात दुष्काळ आणि साथ यांच्या या परस्परसंबंधावर भर दिलेला आहे. पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या, हेही तेथे दिसते. आजाऱ्याची शुश्रूषा करणारी आणि सर्वांच्या मागून जेवणारी व्यक्ती घरात कोण होती, याचा विचार केल्यास त्याचे नवल वाटत नाही.

प्रांताकडून शहराकडे आलो की चित्र अधिक रेखीव होते. १९१८ च्या साथीतील मुंबई शहराच्या मृत्यूंचे जातिधर्मवार कोष्टक उपलब्ध आहे. त्यात युरोपियनांचा दर हजारी ८.३, पारशांचा ९.०, इतर हिंदूंचा १८.९ आणि अहवालाने ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले त्यांचा ६१.६ असा आहे. शहर एकच होते, हवामानही एकच. फरक होता तो खोलीत किती माणसे निजत, आजारपणात विश्रांती घेता येत होती की नाही, घरी अन्न होते की नाही, आणि कोणी पाणी द्यायला उरले होते की नाही, यांचा. घाणीच्या सवयीने संरक्षण मिळते हे विधान सर्वत्र लागू असते, तर शहराची घाण स्वतःच्या हातांनी उचलणारा वर्ग सर्वांत सुरक्षित राहावयास हवा होता. प्रत्यक्षात त्याचा मृत्युदर युरोपियनांच्या सातपटीहून अधिक होता.

इन्फ्लुएंझा आणि कोविड हे दोन निराळे रोग आहेत. पहिल्याने तरुणांना गाठले, दुसऱ्याने प्रामुख्याने वृद्धांना. त्यामुळे १९१८ च्या कोष्टकाने २०२० चे गृहीतक खोटे ठरते, असे म्हणणे योग्य होणार नाही. परंतु एक गोष्ट त्यातून निश्चित शिकता येते. प्रांतांच्या तुलनेत जे दिसते त्याहून निराळेच काही एका शहराच्या पोटातील तुलनेत दिसू शकते.

५. समूहाची सरासरी आणि माणसाचा श्वास

या तफावतीला संख्याशास्त्रात नाव आहे. समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी अनुमान काढण्याचा हा दोष होय. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दिलेले उदाहरण साक्षरतेचेच असल्याने साहित्याच्या अभ्यासकाला जवळचे वाटावे. अमेरिकेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक, त्या राज्यांत निरक्षरता कमी, असे १९३० च्या जनगणनेत दिसत होते. त्यावरून स्थलांतरित अधिक साक्षर होते असे वाटेल. वस्तुतः व्यक्तिशः पाहता स्थलांतरितांतच निरक्षरता अधिक होती. ते केवळ साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते.

कोविडच्या बाबतीतही हेच घडण्याचा संभव होता. स्वच्छ देश हे श्रीमंत असतात, आणि श्रीमंत देशांत वृद्ध अधिक असतात. इटलीतील मध्यम वय भारताच्या मध्यम वयापेक्षा दीड पटीहून अधिक आहे, आणि कोविडचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत झालेल्या रक्ततपासणीत झोपडपट्टीतील ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के लोकांत संसर्गाच्या खुणा आढळल्या. म्हणजे दाटीवाटीने आणि सामायिक शौचालयांनी संसर्ग वाढवलाच होता. तरीही मृत्यू कमी नोंदले गेले, यात तरुण लोकसंख्येचा वाटा किती आणि अपुऱ्या नोंदीचा किती, हा प्रश्न उरतो. प्रतिकारशक्तीचे स्पष्टीकरण या दोन्ही गोष्टी वजा केल्यावरच विचारात घेता येते.

सिलतऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे येथील अस्वच्छता ही हवेतील आहे. स्वच्छता-गृहीतक ज्या जंतूंविषयी बोलते ते माती, पाणी आणि गुरेढोरे यांच्या सहवासात मिळणारे. कोळशाच्या राखेतून शरीराला असा कोणताही परिचय घडत नाही. तिने श्वसनमार्गाचा दाह होतो, इतकेच. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक काउंटींचा अभ्यास करून नोव्हेंबर २०२० मध्ये असे दाखविले की, हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांचे दीर्घकालीन प्रमाण घनमीटरमागे एक मायक्रोग्रॅमने अधिक असेल, तर कोविडचा मृत्युदर ११ टक्क्यांनी अधिक असतो. हा अभ्यासही समूहांचाच आहे, म्हणून वरील दोषापासून तोही मुक्त नाही. तथापि क्ले, लुईस आणि सेव्हर्निनी यांनी २०१८ मध्ये १९१८ च्या साथीविषयी केलेला अभ्यास त्याला दुजोरा देतो; अमेरिकेच्या ज्या शहरांत कोळशावरची वीजनिर्मिती अधिक होती, तेथे इन्फ्लुएंझाच्या वर्षात मृत्यूही अधिक झाले होते.

'घाण' या एकाच शब्दाखाली मातीचा जंतू आणि भट्टीची राख या दोहोंना ठेवले की, पहिल्याविषयीचे गृहीतक दुसरीचे समर्थन करू लागते. सिलतऱ्यासारख्या ठिकाणी याची किंमत मोठी आहे. 'सवय झालेल्या' माणसांसाठी धूळ अडविणारे यंत्र रात्री चालू ठेवण्याची गरज काय, असा युक्तिवाद उघडपणे कोणी करीत नाही. पण सवयीची भाषा त्या युक्तिवादासाठी जागा करून ठेवते. एप्रिल २०२१ मध्ये रायपूर जिल्ह्यात टाळेबंदी लागली आणि प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी धावपळ सुरू झाली, तेव्हा शेजारच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप प्राणवायू अनेक राज्यांना, महाराष्ट्रालाही, पाठविला जात होता. लोखंडाच्या उद्योगाचा आणि श्वासाचा हा दुहेरी संबंध कोणत्याही सरासरीत सामावणारा नाही.

६. मृत्यू कोण लिहितो

आता नोंदीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९१८ च्या साथीत भारतात किती माणसे मेली, याचा पहिला सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ च्या जनगणनेनंतर तो १ कोटी २० लाखांच्या पलीकडे गेला. मिल्स यांनी १९८६ मध्ये १ कोटी ७० ते ८० लाखांचा आकडा मांडला. २०१२ मधील एका अभ्यासाने केवळ ब्रिटिश अमलाखालील जिल्ह्यांसाठी सुमारे १ कोटी ३८ लाखांचा अंदाज दिला. ही वाढ साथ संपल्यानंतरची आहे. वर्दी देणारेच आजारी पडल्यामुळे जे मृत्यू वहीत आले नाहीत, ते पुढच्या शिरगणतीत माणसांच्या अभावाच्या रूपाने दिसले.

शंभर वर्षांनी याच इतिहासाची पुनरावृत्ती झाली. २०२१ अखेरपर्यंत भारतात कोविडचे अधिकृत मृत्यू सुमारे ४ लाख ८१ हजार होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख असा दिला. भारत सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. पुढे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागरी नोंदणीच्या आकड्यांनुसार २०२० मध्ये ८१ लाखांवर असलेले नोंदणीकृत मृत्यू २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांवर गेले. या वाढीत नोंदणी सुधारल्याचा काही वाटा असेल. तरीही एका वर्षातील सुमारे २१ लाखांची वाढ अधिकृत कोविड-मृत्यूंच्या कितीतरी पुढे जाते. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. कोटवाराचा 'ताप' हा रकाना अद्याप पुरता बंद झालेला नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

२०२० च्या तुलनेतील मुख्य अडचण यातून स्पष्ट होते. ज्या देशात मैलावाहिन्या अपुऱ्या असतात, त्या देशात दवाखाने, डॉक्टर आणि मृत्यूचे दाखलेही अपुरे असतात. स्वच्छता आणि नोंद ही एकाच नागरी व्यवस्थेची दोन अंगे आहेत. म्हणून अस्वच्छता वाढली की नोंदलेला मृत्युदर घटतो, या सहसंबंधात माणसे वाचली की नोंदी चुकल्या, हे केवळ त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेने हा फरक स्मशानांपुढील रांगांतून सर्वांना दाखवून दिला.

सिलतऱ्याच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. भारतीय कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. सिलतऱ्यात राहणारा माणूस रायपूरच्या रुग्णालयात मेला, तर त्याची नोंद रायपूरची. परराज्यातून आलेला भट्टीवरचा कामगार आजारपणात गावी परतला आणि तेथे मेला, तर त्याचा मृत्यू त्या दूरच्या जिल्ह्याच्या खात्यावर. ज्या हवेने त्याची फुप्फुसे आधीच जीर्ण केली, त्या हवेच्या ठिकाणी मात्र मृत्यूचा आकडा लहानच राहतो. औद्योगिक वस्तीचा मृत्युदर अशा रीतीने कमी दिसतो, आणि तोच आकडा मग ती वस्ती निरोगी असल्याचा पुरावा म्हणून वाचला जातो.

७. साहित्याची साक्ष आणि तिची मर्यादा

नोंदवहीत जे येत नाही ते साहित्यात येते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो अंशतः खराही आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये प्लेगच्या छावणीतील दिवस येतात, तेव्हा अहवालातील 'विलगीकरण' या कोरड्या शब्दामागची शुश्रूषा आणि तिची माणसे दिसू लागतात. निरालांच्या 'कुल्ली भाट' या हिंदी कृतीत १९१८ च्या साथीने ओढवलेला कुटुंबक्षय आणि प्रेतांनी भरलेली गंगा येते. जुन्या मध्यप्रांतात वाढलेले हरिशंकर परसाई आपल्या आत्मपर लेखनात सांगतात की, प्लेग आला तेव्हा वस्ती घरे सोडून रानातील झोपड्यांत गेली, पण त्यांची आई फार आजारी असल्यामुळे त्यांचे कुटुंब जाऊ शकले नाही. लोकांचा उपाय परिणामकारक होता, परंतु तो हिंडत्याफिरत्या माणसांसाठी. आजारी माणूस असलेल्या घराला तो उपलब्ध नव्हता. मृत्युदराच्या कोणत्याही सूत्रात हा तपशील येत नाही.

राजिंदर सिंह बेदी यांच्या 'क्वारंटीन' या उर्दू कथेत डॉक्टरपेक्षा भागू हा सफाई कामगार ठळक होतो. स्वच्छता ही परिसराची अवस्था नसून कोणीतरी करावयाचे काम आहे, आणि ते करणाऱ्याचा देह रोगाच्या सर्वांत जवळ असतो, हे ती कथा दाखवून देते. मुंबईच्या कोष्टकातील ६१.६ हा आकडा आणि बेदींचा भागू यांना शेजारी ठेवून वाचले, तर दोघेही अधिक स्पष्ट होतात.

मात्र साहित्याचीही एक नोंदवही आहे आणि तिलाही गळती आहे. भागू आपल्यासमोर येतो तो डॉक्टरच्या निवेदनातून. प्लेग आणि मानमोडी यांविषयी लिहिणारे बहुतेक लेखक साक्षर घरांतले होते. ज्या वर्गाचा मृत्युदर सर्वांत अधिक, तो अक्षरांपासून दूर ठेवला गेल्याने त्याचे स्वतःचे कथन त्या काळच्या छापील वाङ्मयात क्वचितच पोचले. कोटवाराने इतरांचे मृत्यू कळविले. त्याच्या वाड्यातील मृत्यूंची कथा कोणी लिहिली नाही. साहित्य हे आकडेवारीला पर्याय नव्हे. दोन्ही साधने कोणत्या दिशेने अपुरी आहेत हे ओळखून ती एकमेकांच्या शेजारी ठेवणे, एवढेच तौलनिक अभ्यासाला शक्य आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, स्वच्छता आणि मृत्युदर यांचा संबंध सर्व रोगांसाठी एक नसतो. पाणी, उंदीर, दाटी, भूक आणि धूर यांपैकी काय महत्त्वाचे, हे रोगाच्या वाटेवरून ठरते. दुसरी, तुलनेचे एकक जितके मोठे, तितके वय, उत्पन्न आणि नोंदीचा दर्जा हे घटक एकमेकांत मिसळतात. गल्ली, वस्ती आणि गाव यांच्या पातळीवर ते निदान वेगळे करून पाहता येतात. तिसरी, जेथे परिसर उपेक्षित असतो तेथे मृत्यूची नोंदही उपेक्षित असते, आणि म्हणून कमी मृत्युदर हा दिलाशाचे कारण मानण्यापूर्वी तो कोणी मोजला हे विचारावे लागते.

सिलतऱ्यापुरते बोलावयाचे तर आवश्यक अभ्यास अवघड नाही. पंचायतीच्या नोंदवहीतून साथीच्या आधीच्या पाच वर्षांचे आणि २०२० व २०२१ चे महिनावार मृत्यू घ्यावेत. त्याच विकासखंडातील भट्ट्यांपासून दूर असलेल्या गावांच्या नोंदी त्यांच्याशेजारी ठेवाव्यात. रायपूरच्या रुग्णालयांत मेलेल्यांचे आणि गावी परतून मेलेल्या कामगारांचे मूळ राहण्याचे ठिकाण शोधावे. आणि घरोघरी जाऊन छत्तीसगढी, हिंदी, ओडिया, भोजपुरी अशा ज्या ज्या भाषांत ती माणसे बोलतात त्या भाषांत शेवटच्या आजाराची हकिकत ऐकून घ्यावी. यातील शेवटचे काम संख्याशास्त्रज्ञाला एकट्याने जमणारे नाही. त्याला भाषांतर येणारा, कथन ऐकू शकणारा आणि एका शब्दाखाली किती अर्थ दडतात हे जाणणारा अभ्यासक सोबत लागेल. 'ताप' असे सांगणाऱ्या कुटुंबाला नेमके काय म्हणावयाचे होते, हे त्या संवादातूनच कळू शकते.